पॅक उघडण्याआधी मीटर लावा

छायाचित्रणाचं सामान : वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी आलेल्या पत्रांत बॅटरीचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून जागाही त्यांनाच जास्त दिली आहे.

प्रश्न : घरात ८ मिमी टेपचा जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. लग्नाच्या, बारशाच्या टेपा त्याच्यावरच चालतात. पॅकवर ‘६ व्होल्ट, १२०० एमएएच, निकेल-कॅडमियम’ असं लिहिलं आहे. रात्रभर चार्ज केला तरी दोन मिनिटांत कॅमेरा बंद पडतो. तसा पॅक आता मिळत नाही. आतले सेल बदलता येतात का? एकच सेल गेला असेल तर तेवढाच बदलावा का?
(वाचक, कळवा)

उत्तर : सेल बदलता येतात, आणि बॅटरीच्या कामात हात बसवायला याहून चांगलं काम नाही. निकेलचा सेल थोडी चूक पोटात घालतो, लिथियमचा घालत नाही.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. एकच सेल बदलू नका. पॅकमधले पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे पाचांतून सारखाच करंट जातो. अशक्त सेल आधी रिकामा होतो, पण उरलेले चार त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. मग त्या सेलची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी होते, आत हायड्रोजन साठतो, झडप उघडते आणि ओलावा उडून जातो. तुमचा पॅक बहुधा असाच गेला आहे. नवा सेल चार जुन्यांत बसवला की पुढची पाळी त्या चारांपैकी एकाची. बदलायचे तर पाचही, एकाच कंपनीचे आणि एकाच लॉटचे.

खात्री करायला पॅक चार्जरवरून काढून तासाभराने मल्टिमीटर लावा. साडेसहा ते सात व्होल्ट दिसायला हवेत. ५.३ च्या आसपास दिसले तर एक सेल आतून शॉर्ट झाला आहे. व्होल्टेज बरोबर आहे पण १५ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर लावताच पाचाच्या खाली कोसळतं, तर सेल म्हातारे झाले आहेत. दोन्हींवर इलाज एकच.

उघडण्यापूर्वी त्याच रेझिस्टरने पॅक रिकामा करा. खोक्याचे दोन अर्धे चिकटवलेले किंवा अल्ट्रासॉनिक वेल्डने जोडलेले असतात. खोकं फडक्यात गुंडाळून शिकंज्यात (बेंच व्हाइसमध्ये) जोडाच्या कडेवर हलकेच दाबा, थोडं फिरवा, पुन्हा दाबा. करकर आवाज येऊन जोड सुटत जातो. नाहीच सुटला तर हॅकसॉच्या पात्याने जोडावरून बारीक खाच पाडा, पण दोन मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका, कारण लगेच मागे सेलचा पत्रा आहे. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटणारे बहुतेक जण तिथेच शॉर्ट करतात.

उघडल्यावर काहीही कापण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घ्या आणि कागदावर आकृती काढा : कुठल्या सेलचं तोंड कुठे, लाल वायर कुठून निघते, सेलांच्या मध्ये खोचलेला छोटा चपटा भाग कुठे आहे. तो चपटा भाग म्हणजे थर्मल फ्यूज किंवा थर्मोस्टॅट. तो परत तिथेच, सेलला टेकून बसवायचा. ‘जागा कमी पडली म्हणून काढला’ असे पॅक दुरुस्तीला येतात तेव्हा त्यांचं खोकं वितळलेलं असतं.

आता सेलचं माप घ्या. या काळातल्या ६ व्होल्टच्या पॅकमध्ये १७ मिमी जाड आणि ४३ मिमी लांब सेल सर्रास सापडतात. बाजारात त्यांना ‘फोर-फिफ्थ ए’ म्हणतात. जाड सेल निघाले, २२-२३ मिमीचे, तर ते ‘सब-सी’. मागताना निकेल-मेटल हायड्राइड मागा. त्याच मापात २००० एमएएचच्या आसपास क्षमता मिळते आणि कॅडमियमचं विष घरात येत नाही. आणि टॅबवाले मागा, म्हणजे ज्यांच्या दोन्ही टोकांना निकेलची पट्टी आधीच वेल्ड केलेली असते ते. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत गेलं की लॅमिंग्टन रोडवर मिळतात. पाच हवेत तर सात घ्या. प्रत्येक सेल सुटा चार्ज करून सुटाच रिकामा करून मोजा आणि एकमेकांच्या जवळ येणारे पाच निवडा. २००० एमएएचच्या सेलमध्ये ६० एमएएचपर्यंतचा फरक चालतो. हे दोन दिवसांचं कंटाळवाणं काम आहे, पण पॅक एक वर्ष चालणार की चार वर्षं, हे इथेच ठरतं.

डाग (सोल्डर) पट्टीला द्यायचा, सेलला नाही. पट्टी पॉलिश पेपरने घासा, थोडी सोल्डरिंग पेस्ट लावा, दोन्ही पट्ट्यांवर आधी वेगवेगळं कथील चढवा, मग एकमेकींवर ठेवून ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन-तीन सेकंदांत जोडा. २५ वॅटचं आयर्न इथे घातक ठरतं. ते गरम होईपर्यंत तुम्ही पंधरा सेकंद धरून बसता आणि उष्णता पट्टीतून सेलच्या प्लस टोकाखालच्या प्लॅस्टिकच्या सीलपर्यंत जाते. सील गेलं की सेल हळूहळू सुकतो. काम झाल्या झाल्या काही कळत नाही, दोन महिन्यांनी कळतं. प्लस टोकाभोवती बार्ली पेपरची (इन्सुलेशनच्या कागदाची) गोल चकती घाला, कारण सेलचा सगळा बाहेरचा पत्रा मायनस असतो आणि प्लसची पट्टी त्याच्या कडेवरूनच जाते.

खोकं लगेच चिकटवू नका. आधी रबरबँड लावून पहिलं चार्जिंग करा. जुना चार्जर वापरायचा मोह टाळा. तो निकेल-कॅडमियमसाठी बनवला आहे. भरलेल्या सेलचं व्होल्टेज किंचित खाली येतं, ते पाहून असा चार्जर थांबतो. मेटल हायड्राइडमध्ये ही घसरण फारच थोडी असते, चार्जरला ती दिसत नाही आणि तो सेल शिजवत राहतो. त्याऐवजी एक एलएम३१७ (तीन पायांचा व्होल्टेज रेग्युलेटर), ६.२ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर, एक १एन४००७ डायोड आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर एवढ्यात साधा चार्जर होतो. अडॅप्टरचा प्लस ‘इन’ पायाला. रेझिस्टर ‘आउट’ आणि ‘अ‍ॅडजस्ट’ यांच्या मध्ये. ‘अ‍ॅडजस्ट’ पायापासून डायोडमधून पॅकच्या प्लसला, डायोडची पट्टी पॅककडे. पॅकचा मायनस अडॅप्टरच्या मायनसला. १.२५ व्होल्ट भागिले ६.२ ओहम म्हणजे साधारण २०० मिलीअँपिअर, २००० एमएएचच्या दहाव्या भागाइतका करंट. या गतीने १४ ते १६ तास. एलएम३१७ ला छोटा हीट सिंक लावा, पण त्याचा पत्रा आतून ‘आउट’ला जोडलेला असतो, तेव्हा धातूच्या डबीला टेकू देऊ नका. हा चार्जर आपोआप थांबत नाही, म्हणून चालू केल्याची वेळ पॅकवरच चिकटपट्टी लावून लिहा.

चार्ज झाला की पुन्हा तो १५ ओहमचा रेझिस्टर. ६ व्होल्टला ०.४ अँपिअर जातो, म्हणजे २००० एमएएचला पाच तास लागायला हवेत. पॅक पाच व्होल्टला आला की थांबा. पहिल्या खेपेला चार तास आले तरी हरकत नाही, तिसऱ्या खेपेपर्यंत वाढतात. तिसऱ्या खेपेलाही सव्वाचारच्या खाली असेल तर एखादा सेल मागे पडतो आहे. भार लावलेला असताना प्रत्येक सेलवर मीटर ठेवा, सापडेल. समाधान झालं की मगच खोक्याला चार थेंब फेविक्विक लावा. चारच, कारण पुढे कधी पुन्हा उघडावंच लागणार आहे.

जुने कॅडमियमचे सेल कापू नका, जाळू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

प्रश्न : कॅननचा एलपी-ई६ पॅक वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून होता, आता चार्जर त्याला ओळखतच नाही. त्यात लॅपटॉपमधले १८६५० सेल घालता येतील का? आणि एलईडी लाइटचा एनपी-एफ पॅकही उतरला आहे, तो तरी करता येईल का?
(वाचक, घणसोली)

उत्तर : पहिला सोडून द्या, दुसरा करा.

एलपी-ई६ मध्ये १८६५० मावत नाही. सेल १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, पॅक ५७ मिमीसुद्धा भरत नाही. मापाचे सेल मिळवले तरी आतली चिप क्षमतेचा हिशेब ठेवते, आणि सेल सुटल्यावर तो हिशेब बिघडतो. कॅमेरा मग भरलेल्या पॅकलाही रिकामा म्हणतो. एवढ्या खटपटीत चांगला पर्यायी पॅक विकत येतो.

चार्जरने न ओळखलेला पॅक ‘उठवायला’ ९ व्होल्टची बॅटरी लावायची युक्ती तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. ती करू नका. लिथियम सेल दोन व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळतं. पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्टची तयारी होते. तो पॅक आठवडाभर नीट चालेल आणि एक दिवस बॅगेत तापेल. फुगलेला पॅक असेल तर प्रश्नच नाही. दाबून कॅमेऱ्यात बसवू नका, नाहीतर बाहेर काढताना कॅमेऱ्याचा खण फुटेल.

एनपी-एफ मात्र दुरुस्तीलाच बनवल्यासारखा आहे. एफ५५० च्या आकाराच्या पॅकमध्ये दोन, एफ७७० मध्ये चार आणि एफ९७० मध्ये सहा १८६५० सेल असतात. मांडणी नेहमी दोन टप्प्यांची : दोन सुटे सेल, दोन जोड्या किंवा दोन तिकड्या, एकामागे एक, म्हणून ७.२ किंवा ७.४ व्होल्ट.

लॅपटॉपचे सेल यात घालू नका. त्या पॅकमधले तीन चांगले आणि तीन मेलेले असतात आणि चेहऱ्यावरून कळत नाही. नवे घेताना आकड्यावर जाऊ नका. १८६५० मध्ये साधारण ३५०० एमएएच हीच मोठी मजल आहे, ९९०० छापलेला सेल बहुधा हजारही देत नाही. वजनकाट्यावर ठेवा. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-बत्तीस भरला तर परत करा.

लिथियमच्या सेलला थेट डाग द्यायचाच नाही, पट्टी स्पॉट वेल्डनेच लावायची. सेलच्या आतल्या पडद्याची छिद्रं १३० अंशांच्या आसपास बंद होतात आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक ३५० अंशांवर असतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत ई-स्कूटरच्या बॅटऱ्या बांधणारी दुकानं आहेत. सेल, आकृती आणि ०.१५ मिमीची निकेल पट्टी घेऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे. पट्टी शुद्ध निकेलची की मुलामा दिलेल्या लोखंडाची, हे आदल्या रात्री घरीच पाहा. तुकडा पॉलिश पेपरने ओरखडून मिठाच्या पाण्यात ठेवा, सकाळी तांबूस गंज आला तर लोखंड. लोखंडाची पट्टी भार पडला की तापते आणि आपल्या दमट हवेत गंजते.

जोडण्याआधी सगळे सेल एकाच व्होल्टेजला आणा, ०.०२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. ४.१ चा सेल ३.५ च्या सेलला समांतर जोडला तर पहिला दुसऱ्यात करंट ओततो आणि तुम्हाला पट्टी चटका देते. पॅकमधला मूळ संरक्षण बोर्ड तसाच ठेवायचा. बोर्डावर मायनस, मधला आणि प्लस अशी तीन टोकं असतात, त्याच क्रमाने जोडा. मधलं टोक सुटलं तर बोर्डाला दोन जोड्यांतला फरक दिसत नाही. सगळं नीट जोडूनही बाहेरच्या टोकांवर शून्य व्होल्ट दिसले तर घाबरू नका. बोर्ड झोपलेला असतो, चार्जरवर क्षणभर लावला की जागा होतो. पहिलं चार्जिंग फरशीवर, दिवसा, तुम्ही घरात असताना. भरल्यावर दोन्ही जोड्यांवर मीटर लावा. ४.२० आणि ४.१९ ठीक. ४.२० आणि ४.०५ असेल तर पॅक उघडा, एक सेल चुकीचा निवडला गेला आहे.

प्रश्न : नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीवर भरती-ओहोटी आणि फ्लेमिंगो यांचा चार-पाच तासांचा टाइमलॅप्स करायचा आहे. मध्ये बॅटरी बदलली की कॅमेरा हलतो. बाहेरून वीज देण्याची सोय घरी करता येईल का?
(वाचक, नेरुळ)

उत्तर : येईल. त्यासाठी नकली बॅटरी बनवायची. बॅटरीच्या आकाराचा ठोकळा, त्यात फक्त दोन टोकं आणि बाहेर जाणारी वायर. बहुतेक डीएसएलआरच्या बॅटरीच्या दाराला किंवा कडेला छोटी रबरी झडप असते, ती या वायरसाठीच आहे.

ठोकळा लाकडाचा करा. लिथियमचा जुना पॅक फोडून रिकामं खोकं काढण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित. खऱ्या पॅकची मापं व्हर्नियरने घ्या, सागवानाचा तुकडा पाव मिलिमीटर लहान तासा. तंतोतंत केला तर पावसाळी हवेत फुगून खणात अडकतो. टोकांसाठी ०.३ मिमीचा पितळी पत्रा. प्लस-मायनसची जागा पॅकवर पाहून ठोकळ्यावर पेनाने लिहा, आरशातल्यासारखी उलटी होते ती इथेच.

आता वीज कुठून? पॅकवर ७.२ किंवा ७.४ लिहिलं असेल तर सोपं आहे. वर सांगितलेला एनपी-एफ पॅकही दोन टप्प्यांचाच, म्हणजे त्याच व्होल्टेजचा. तेव्हा मध्ये कन्व्हर्टरची गरजच नाही. एफ७७० आकाराचा ४४०० एमएएचचा पॅक साधारण ३२ वॅट-तास देतो, एलपी-ई६ देतो १३. एनपी-एफ पॅक बसवायची पाटी, २ अँपिअरचा फ्यूज, वायर, ठोकळा, झालं. छोट्या कॅमेऱ्याच्या पॅकवर ३.६ किंवा ३.७ लिहिलेलं असेल तर यातलं काहीही त्याला लावू नका. दुप्पट व्होल्टेज जाईल आणि कॅमेरा तिथेच संपेल.

दिवसभराचं काम असेल तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी घ्या, यूपीएसमध्ये असते तीच. मध्ये ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा बोर्ड. बाहेरचं व्होल्टेज ८.० ला लावून स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर पिशवीत धक्का लागून फिरतो. कन्व्हर्टर बिघडला तर पूर्ण १२ व्होल्ट कॅमेऱ्यात जाऊ शकतात, म्हणून बाहेरच्या बाजूला आधी ३ अँपिअरचा फ्यूज आणि त्यानंतर ९.१ व्होल्टचा ५ वॅटचा झेनर डायोड प्लस आणि मायनसच्या मध्ये आडवा टाका. व्होल्टेज चढलं की झेनर ते स्वतःवर घेतो आणि फ्यूज उडतो. हा स्वस्तातला भाग न टाकता कॅमेरा जोडू नका. ठोकळ्याजवळ १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कॅपॅसिटर लावा, आरसा उचलताना आणि शटर ताणताना करंटची जी उसळी लागते ती हा पुरवतो.

हिशेब असा : १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. लेड-अ‍ॅसिडचा निम्माच वापरायचा, ४२. कन्व्हर्टरमध्ये दहा टक्के जातात, उरले साधारण ३८. स्क्रीन बंद ठेवून सरासरी ५ वॅट धरले तर सात तास निघतात.

‘वीज येते पण शटर दाबताच कॅमेरा बंद पडतो’ ही तक्रार इथे हमखास असते, आणि दोष जवळजवळ नेहमी वायरचा निघतो. मोबाइल चार्जरची बारीक वायर दोन मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर. तिचा रोध पाऊण-एक ओहमपर्यंत जातो. दोन अँपिअरला दीड-दोन व्होल्ट वायरमध्येच पडतात. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर हाच खड्डा ०.१५ व्होल्टच्याही आत राहतो.

पहिल्यांदा जोडताना कॅमेरा बंद, ठोकळ्याच्या टोकांवर मीटर, पोलॅरिटी पुन्हा एकदा, मग आत. काही कॅमेरे बॅटरी ओळखता येत नाही असा संदेश देतात आणि ओके केल्यावर चालतात. काही चालतच नाहीत, त्यांना डेटाच्या पिनवर ओळख लागते. तसं झालं तर त्या मॉडेलचा डीसी कपलर, म्हणजे तयार नकली बॅटरी, घ्यावा. खाडीवरून आल्यावर पितळी टोकं कोरड्या फडक्याने पुसा, खारा वारा त्यांना आठवड्यात हिरवं करतो.

प्रश्न : घरी बनवलेल्या स्टँडला कॅमेरा लावायला कुठला बोल्ट? ६ मिमीचा थोडा जाऊन अडकतो.
(वाचक, वर्तकनगर)

उत्तर : लगेच काढा, कॅमेऱ्याचे आटे जातील. कॅमेऱ्याखालचं भोक पाव इंची आहे, इंचाला २० आटे. हार्डवेअरच्या दुकानात ‘दोन सुती बोल्ट’ मागा. तो जुन्या बीएसडब्ल्यू (ब्रिटिश) मापाचा निघाला तरी आटे वीसच, कोनातला किरकोळ फरक या कामाला चालतो. ६ मिमीच्या बोल्टचे आटे एक मिलिमीटरवर असतात, दोन-तीन फेऱ्या जुळल्यासारखे वाटतात आणि मग चावतात. मोठ्या ट्रायपॉडच्या डोक्याला तीन सुती लागतो. बोल्ट पाटीच्या वर साडेचार मिलिमीटरच येऊ द्या. जास्त आला तर कॅमेऱ्याचा तळ आतून ढकलतो. लांबी कमी करायला वॉशर घाला.

प्रश्न : जुन्या रेंजफाइंडर फिल्म कॅमेऱ्याच्या लाइटमीटरला पीएक्स६२५ हा पाऱ्याचा सेल लागतो. अल्कलाइन घातला तर फोटो काळपट येतात. उपाय काय?
(वाचक, नौपाडा)

उत्तर : पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्टचा, आणि संपेपर्यंत जवळजवळ तेवढाच. अल्कलाइन १.५ वर सुरू होतो, म्हणून काटा जास्त फिरतो, मीटरला उजेड जास्त वाटतो आणि तो एक्सपोजर कमी देतो. वापरता वापरता त्याचं व्होल्टेज उतरत जातं, म्हणून एकदाच दुरुस्ती धरून भागत नाही.

श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्या. तो १.४ व्होल्टचा असतो आणि तिथेच टिकतो. औषधांच्या मोठ्या दुकानात मिळतो. व्यास ११.६ मिमी, जुन्याचा साडेपंधरा-सोळा, म्हणून मध्ये कडं लागतं. वागळे इस्टेटमध्ये एखाद्या लेथवाल्याकडून पितळेचं करून घेतलं तर कायमचं काम होतं, तात्पुरतं रबरी ओ-रिंगवरही भागतं. उंची थोडी कमी पडते, ती पितळी पत्र्याच्या चकतीने भरा. सेलवरची चिकटपट्टी काढल्यावर दहा मिनिटं उघडा ठेवून मग बसवा, त्याला हवा लागते. हवेची भोकं एक सोडून बाकी टेपने बंद केली तर तो सावकाश सुकतो, तरी दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त अपेक्षा नको. सतत बदलायचा कंटाळा असेल तर १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि वायरीत एक छोटा शॉटकी डायोड. तो साधारण ०.२ व्होल्ट खातो आणि आकडा पुन्हा १.३५ ला येतो. त्यासाठी मात्र कॅमेऱ्याचा तळ उघडावा लागतो.

प्रश्न : जुन्या फ्लॅशगनला नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावू का? दुसरी एक बंद आहे, ती उघडून पाहू का?
(वाचक, खारघर)

उत्तर : लावण्याआधी मोजा. फ्लॅश चालू करून पूर्ण भरू द्या, मीटर हजार व्होल्ट डीसीच्या रेंजवर, एक टोक खालच्या मधल्या पिनवर आणि दुसरं कडेच्या पट्टीवर. जुन्या फ्लॅशमध्ये इथे दीडशे ते तीनशे व्होल्ट सापडतात. आयएसओच्या १०३३० क्रमांकाच्या मानकात मर्यादा २४ व्होल्टची आहे. त्याहून जास्त आलं तर कॅमेऱ्यावर चढवू नका. ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून हिला उडवणारा ट्रिगर) लावून बाजूला उभी करा, तिथे ती उत्तम कामाला येते. स्लेव्हची व्होल्टेज-मर्यादा तेवढी वाचून घ्या.

बंद फ्लॅश उघडण्याचं धाडस सवय नसेल तर करू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० ते ३३० व्होल्ट असतात आणि बॅटरी काढून काही दिवस झाले तरी ते राहू शकतात. १००० मायक्रोफॅरडला ३३० व्होल्ट म्हणजे ५४ ज्यूल. हाताला लागले तर जिवावर बेतू शकतं. उघडायचाच असेल तर २ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर उघडी टोकं नसलेल्या इन्सुलेटेड चिमट्यांनी दहा सेकंद लावा, मग मीटरवर शून्य पाहा, थोड्या वेळाने पुन्हा पाहा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केलं की टोक वितळतं आणि कॅपॅसिटरही आतून फाटतो.

प्रश्न : येऊरच्या पायथ्याशी राहतो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. ड्राय कॅबिनेट परवडत नाही. तांदळाच्या डब्यात ठेवलं तर?
(वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : तांदूळ नको. त्याची बारीक पूड झूमच्या नळीत जाते आणि ओलावा तो फारसा ओढतही नाही.

जांभळी नाक्यावर रबरी गॅस्केट असलेला वीस-पंचवीस लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तो खरंच बंद होतो का हे पाहायला आत कोरडा कागद ठेवून झाकणावर पाण्याची धार धरा. त्यात २५० ग्रॅम सिलिका जेल, जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून, आणि एक डिजिटल आर्द्रतामापक. मापक स्वस्तातला असेल तर आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढंच पाणी घाला, विरघळू देऊ नका, आणि मापकासोबत छोट्या बंद डब्यात आठ तास ठेवा. ७५ टक्के दिसायला हवेत. ८१ दिसले तर पुढे प्रत्येक आकड्यातून सहा वजा करा.

आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. साठीच्या वर सतत राहिली की बुरशीला बळ मिळतं. तीसच्या खाली महिनोन् महिने ठेवली तर रबर आणि वंगण सुकतं, तेव्हा अर्धं जेल काढून घ्या. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते स्वयंपाकघरात तापवायचं नाही. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. ओव्हन नसेल तर जुन्या, फक्त याच कामाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहा. आच मोठी झाली की दाणे तडकतात आणि काळे पडतात. गरम जेल सरळ डब्यात टाकू नका, झाकणाच्या बरणीत निववा.

लेन्सच्या चामडी आणि फेल्टच्या पिशव्या डब्याबाहेर. त्या ओलावा धरून ठेवतात आणि बुरशीची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. पावसातून आलेला कॅमेरा तसाच डब्यात गेला तर एका रात्रीत सगळं जेल हिरवं होतं. आधी पुसून, बॅटरी आणि कार्ड काढून, दारं उघडी ठेवून चार-पाच तास पंख्याखाली ठेवा.